डेगचीतलं शिसं

३ नोव्हेंबर, सोमवार

कर्र – कर्र!

पासष्ट वर्षं झाली, तरी आज सकाळपासून तोच आवाज कानात. अब्बा दुकानाच्या पायरीवर बसायचे, कथलाची कांडी माझ्या कानाशी आणायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूच वाकवायचे. कांडीच्या आत कुणी कडक पापड मोडतंय असं वाटायचं. "बोलतंय ना? मग खरं कथील. शिसं मिसळलं असेल तर कांडी मुकी राहते." कल्हईवाल्याच्या पोराचा हा पहिला धडा. भांड्याला आतून कथील लावायचं, शिसं नाही. शिसं म्हणजे जहर.

आणि मी – चाळीस वर्षं कल्हईचं दुकान चालवलेला गनी –

सबीहा दिवाळीच्या सुट्टीत आली आहे. माझी लेक धुळ्याला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. सकाळी स्वयंपाकघरात तिनं तांब्याची डेगची हातात घेतली. तीच, गेल्या हिवाळ्यात मी हौसेनं अंगणात शेगडी पेटवून कल्हई केलेली. ओढणीचं टोक आतून घासलं. पांढरी ओढणी काळी! खरं कथील असं काळं सोडत नाही.

"अब्बा, ही कांडी कुठून आणलीत?"

बाजारात जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या एका अनोळखी माणसाकडून. दुकान बंद करून वीस वर्षं झाली, जुनं कथील कधीच संपलं.

"वाकवून ऐकलीत?"

"ऐकली की! चांगली बोलली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अब्बा, तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. कथील ऐकू आलं?"

आलं होतं. शपथेवर सांगतो. पण कुणाचं? त्या कांडीचं, की अब्बांच्या कांडीचं?

त्या डेगचीत मंतशाचं दूध तापतं. रोज. माझ्याच हट्टानं. माझी नात – चार वर्षांची.


४ नोव्हेंबर, मंगळवार

डेगची माळ्यावर टाकली. सून जमीला हिला सांगितलं, कल्हई उडाली आहे, पुन्हा करायची. "बरं," म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. सबीहानं त्याआधीच पात्यानं काठावरचा एक जाड थेंब खरवडून पुडी बांधून घेतली. कॉलेजात तपासणार. "खात्री होईपर्यंत वहिनीला सांगू नका."

दुपारी तिला विचारलं – बेटा, शिसं जहर का असतं? लहानपणापासून ऐकत आलो जहर, जहर. पण का? साप चावतो, बिब्बा उततो. शिसं तर नुसतं पडून असतं बिचारं.

तिनं पेनानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चौकोन काढले. म्हणाली, "अब्बा, शिसं हल्ला करत नाही. ते दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसतं." अंगाला कॅल्शियम लागतं. हाडांना, आणि मेंदूत निरोप इकडून तिकडे न्यायला. शिशाचा कण अंगानं साधारण तेवढाच, त्याच्यासारखाच दोन हातांनी धरणारा. दारावरचा पहारेकरी त्याला कॅल्शियम समजून आत सोडतो. आत गेल्यावर तो कॅल्शियमच्या खुर्चीवर बसतो – पण काम येत नाही! निरोप तिथेच थांबतो. रक्त लाल करायचा कारखाना असतो, तिथे जस्ताची खुर्ची. तिच्यावरही हाच. आणि उठायचं नाव नाही. हाडात शिरला की वीस-वीस, तीस-तीस वर्षं मुक्काम!

कॅडमियम म्हणून एक आहे, तो जस्ताचा सोंगाड्या. सोमल, म्हणजे आर्सेनिक, फॉस्फरसचं सोंग घेतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात या जोड्या एकाच उभ्या रांगेत, वरखाली घरं त्यांची. पारा वेगळा – त्याला गंधक दिसलं की मिठीच मारतो, सोडतच नाही, आणि अंगातले कामकरी गंधकाच्याच हातांनी काम करत असतात.

"पण शरीराला ओळखू येऊ नये?" मी म्हणालो.

"कसं येणार? जीव घडत होते तेव्हा शिसं जमिनीत खोल झोपलं होतं. कधी भेटच झाली नाही. आपणच खणून वर आणलं."

मग एकदम उखर्डू गुरुजी आठवले! नगरपालिकेची मराठी शाळा, इयत्ता सहावी. घरात आमची बोलणी हिंदीत, पण ही वही मी मराठीत लिहितो ती त्यांच्यामुळे. स्वतः कविता रचायचे आणि आमच्याकडून म्हणून घ्यायचे. भुजंगप्रयात. टेबलावर छडीचा ठेका –

कुणाच्या घरी आज आली दिवाळी
उजेडात न्हाली मुलांची नव्हाळी

जेवणानंतरचा तास. गुरुजींचे डोळे मिटलेले, छडी मात्र चालू. तोताराम उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "कुणाच्या घरी आज आली बिमारी!" वर्ग फुटला. पण छडी चुकली नाही! मात्रा तेवढ्याच, लघु-गुरू तसेच. ठेक्याला काही कळलंच नाही. ओळ बसली – आणि मेली.

हे सबीहाला सांगितलं तर ती टाळी द्यायला पुढे आली. "अब्बा, मी हेच मुलांना तीन तास घेऊन शिकवते हो!"

टाळी दिली. पलीकडच्या खोलीत मंतशा बाहुलीला झोपवत होती.


५ नोव्हेंबर, बुधवार

सांगून टाकलं. खात्रीची वाट बघवेना.

जमीला भाकरी थापत होती. मी दारातच उभा राहून म्हणालो – बेटा, माझी कल्हई खोटी निघाली बहुतेक. शिसं आहे त्यात. मंतशाला वर्षभर त्यातलंच...

तिचा हात परातीत तसाच राहिला. चेहरा उतरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं! तव्यावरची भाकरी जळली तरी ती तशीच.

शेहजाद रात्री कामावरून आला, त्याला सगळं कळलं. मुलगा माझा शांत. एवढंच म्हणाला, "पोरीचं रक्त तपासून घेऊ." माझ्याकडे न बघता म्हणाला.

सबीहा म्हणते तुमचंही तपासू. माझं काय तपासायचं? शहात्तर वर्षांचं रक्त! साफ सांगितलं तिला, माझा विषय काढू नको.


६ नोव्हेंबर

जमीला मंतशाला घेऊन माहेरी गेली, धुळ्याला. सबीहाबरोबरच. महिनाभर राहीन म्हणाली शेहजादला. मला नुसतं "येते अब्बा". मान खाली.


९ नोव्हेंबर, रविवार

मेहरूण तलावावर गेलो. तोताराम बाकावर आधीच हजर, मफलर गुंडाळून. हाच तो बिमारीवाला. पाचोऱ्याकडची केळी-कापूस मुलगा हितेंद्रवर सोपवून आता जळगावात राहतो. अहिराणी काही सोडली नाही.

"काय गनीभाऊ, तोंड काबरं उतरी गयं?"

सांगितलं सगळं. तो हसेल असं वाटलं होतं, नाही हसला. पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुले कान नई शेतस रे. पन जुन्या कविता बठ्ठ्या ऐकू येतस!"

खरं आहे. हेच खरं आहे. मी ती कांडी वाकवली तेव्हा माझ्या अंगठ्यांना अब्बांचे अंगठे आठवले, आणि कानानं आपलं आपणच म्हणून घेतलं. स्वप्नात राहायची ही सवय. माझी बायको हमीदा – अल्ला तिला शांती देवो – म्हणायची, तुम्ही बाजारात जाता आणि बाजार सोडून सगळं घेऊन येता.

पण स्वप्नाची किंमत चार वर्षांच्या पोरीनं का द्यावी?

तोतारामनं जाताना खांद्यावर हात ठेवला. "रिपोर्ट येवू दे. आतेच मरू नको."

घरी पोटात पुन्हा मुरडा. ओवा खाल्ला, झोपलो.


११ नोव्हेंबर, मंगळवार

सबीहाचा फोन. खरवडलेला थेंब तेजाबात गरम केला. कथील पांढरी भुकटी होऊन तळाशी बसलं. वरचं पाणी गाळून घेतलं आणि त्यात दुसऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले. "पिवळा साका आला अब्बा. भरपूर."

"किती पिवळा?" मी विचारलं. काय हा प्रश्न! पण विचारला.

ती म्हणाली, "खोटं नाही सांगत, फार सुंदर दिसतो. गरम करून गार केला की सोन्याच्या वर्खासारखे कण खाली पडतात. मुलं दरवर्षी टाळ्या वाजवतात."

म्हणजे शिसंच. निम्म्याला निम्मं असेल.

मंतशाचं रक्त उद्या घेणार. मुंबईला जातं, आठवडा लागेल.


१२ नोव्हेंबर, बुधवार

डेगची माळ्यावरून काढली. मोडीत द्यावी तर मोडवाला पोचे काढून पुन्हा विकणार. कुणाच्या तरी घरात पुन्हा चूल. नको.

अंगणात पालथी घातली, छिन्नी लावली, हातोडा मारला. पहिला घाव निसटला – मनगटात जोर नाही उरला. तिसऱ्याला आरपार. रुपयाएवढं भोक.

आयुष्यभर भांड्यांची भोकं बुजवली. आज पहिल्यांदा पाडलं. शेजारची मंदाबाई भिंतीवरून बघत होती. "गनीभाऊ, काय झालं हो?" "काही नाही अक्का, म्हातारी झाली होती."

ती म्हणे, "मग आपल्यालाही भोक पाडतील की काय!" आणि हसत आत गेली. मलाही हसू आलं. या आठवड्यातलं पहिलं.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजनंतर बराच वेळ बसून राहिलो. काय मागावं कळेना. झालेलं बदलून दे म्हणायचं तर कसं म्हणायचं? सरळ मागितलं – पोरीच्या खुर्च्या भरलेल्या असू देत. शिसं आलं असेल तर त्याला जागा मिळू देऊ नकोस.

देवापुढे असलं रसायनशास्त्र कुणी मांडलं नसेल.


१५ नोव्हेंबर, शनिवार

जमीलाला फोन केला. तिच्या आईनं उचलला. "झोपली आहे." सकाळी अकराला?


१७ नोव्हेंबर, सोमवार

मंतशाशी बोललो! सबीहा त्यांच्याकडे गेली होती, तिनं फोन दिला.

"दादा, मला सुई टोचली. मी रडले नाही. थोडीच रडले."

"शाब्बास. काय खाल्लंस?"

"मला इथे डेगचीतलं दूध देत नाहीत."

"तुला पाहिजे का ते?"

"नको. तू विचारशील म्हणून सांगितलं."

केवढी शहाणी! जमीला शेजारीच असावी, बांगड्यांचा आवाज आला. फोनवर नाही आली.

सबीहाला नंतर विचारलं, अंगात शिसं जास्त निघालं तर लेकराचं काय होतं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, मुलं मंद होतात अब्बा. चिडकी होतात. अक्षरं उशिरा लागतात. एकदा गेलेलं पूर्ण परत येत नाही.

अक्षरं! मी तिला पाच वर्षांची झाली की कविता शिकवणार होतो. पहिली उखर्डू गुरुजींचीच.


१८ नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर फोन हातात.


१९ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाही. शेहजाद रात्री माझ्याजवळ येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, "अब्बा, तुम्ही मुद्दाम केलं का?" नाही. "मग जेवा." स्वतः ताट वाढून आणलं. शेवभाजी जळजळीत केली होती, डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानंच आलं, असं दोघंही धरून चाललो.


२० नोव्हेंबर, गुरुवार

आला! आला! आला!

दोन पूर्णांक एक दशांश. सबीहानं फोनवर तीनदा वाचून दाखवलं, मीच वाचायला लावलं. पाचच्या वर असतं तर काळजी होती. डॉक्टर म्हणाले, शिसं अजिबात नसणंच चांगलं, पण एवढं आजकाल रस्त्यावर खेळणाऱ्या कुठल्याही लेकरात निघतं. औषध नको. पोरगी ठणठणीत! रक्त लाल, वजन बरोबर, डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन पळवलं तिनं.

मी अंगणात गेलो आणि मोठ्यानं म्हणालो – कुणाच्या घरी आज आली दिवाळी! मंदाबाईनं भिंतीवरून डोकं काढलं. "दिवाळी होऊन महिना झाला भाऊ!" "आमची आज आली अक्का!" तिला पेढा दिला. पेढा कसला, घरात गूळ होता, गूळ दिला.

तोतारामला फोन. त्यानं ऐकून घेतलं आणि एक लांब श्वास सोडला, मला – मला! – ऐकू आला तो. म्हणजे तोही अकरा दिवस श्वास धरून होता. "बस. आते तू बी जेव, मी बी जेवस."

सबीहाला मात्र कोडं पडलं आहे. वर्षभर रोज त्या डेगचीतलं दूध, आणि एवढंसंच? विचार करून म्हणाली – दूध आंबट नसतं, त्यात शिसं फार उतरत नाही. चिंच, ताक, लिंबू असतं तर ओढून घेतलं असतं. आणि दुधातच कॅल्शियम! पोटात खुर्च्या आधीच भरलेल्या, शिशाला उभं राहायलाही जागा नाही. "पोट भरलेलं, लोह-कॅल्शियम भरपूर, तर शिसं कमी शिरतं अब्बा. हे खरं आहे."

म्हणजे माझी दुआ पोचली. तीच भाषा, तोच निकाल!

शेहजादला सांगितलं, जमीलाला कळव – पोरीला तिनं तापवून दिलेल्या दुधानं वाचवलं. तिचा हात लागला म्हणून वाचली. शाबास म्हणावं. माफी मी समोर आल्यावर मागेन.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप लागली. सलग सात तास. उठलो तेव्हा ऊन अंगणात आलेलं. किती दिवसांनी उन्हाकडे पाहिलं.

काहीच नको झालं आहे आता. शिशावर राग नाही. ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, जे जमिनीखाली गाढ झोपलं होतं, त्याचा काय दोष? लहानपणी वर्गात नवा मुलगा यायचा, त्याला जागा माहीत नसायची, तो दुसऱ्याच्या बाकावर बसायचा आणि मार खायचा. शिसं तसंच. त्याची जागा बॅटरीत, तारेत, जमिनीत. माझी चूक की मी त्याला ताटात आणलं.

आणि कानांचं यंत्र बसवून घेणार. शेहजाद दोन वर्षं मागे लागला आहे, मीच म्हणायचो, काय ऐकायचं राहिलंय? पुष्कळ राहिलं आहे. मंतशा कविता म्हणेल तेव्हा एक शब्द जरी बदलला तरी कळायला हवा.

जमीलाचा निरोप नाही. राहू दे तिला महिनाभर. रागावायचा हक्क आहे तिचा. पोर बरी आहे – बाकी सगळं सावकाश.


२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दोनला दारात जमीला! कडेवर मंतशा झोपलेली, खांद्याला पिशवी. शेहजादलाही पत्ता नव्हता. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"अब्बा, मंतशाचं दूध त्या डेगचीत मी एकदाही तापवलं नाही. खाली लागायचं, आणि तुम्ही तारेनं घासू द्यायचा नाहीत. स्टीलच्या पातेल्यात तापवायचे. तुम्हाला चुलीवर दिसावी म्हणून डेगचीत नुसतं पाणी ठेवायचे. वर्षभर खोटं बोलले."

मी तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

"रिपोर्ट आला की तुमचं ओझं आपोआप उतरेल, मला सांगावं लागणार नाही, असं वाटलं. पण तुम्ही शाबास कळवलंत... ते नाही सहन झालं अब्बा." मग तिचा आवाज फुटला. "तुमची कढी मात्र त्यातच करायचे, फक्त तुमच्यापुरती. एकदा दुसऱ्यात केली तर चव नाही म्हणालात. आंबट ताकाची. रोज. तुम्ही शिशाचं सांगितलंत त्या दिवसापासून मला तुम्हाला तोंड दाखवता येईना."

पोरीच्या ओठांना एक थेंबही नाही! सगळं माझ्या ताटात! मला हसू आलं. खदखदून. ती रडते आहे, मी हसतो आहे, मंतशा जागी होऊन दोघांकडे बघते आहे.

"हसू नका. चपला घाला. तुमचं रक्त द्यायचंय, रिक्षा थांबवली आहे."

दोन मिनिटं मागून घेतली आणि हे लिहिलं. ती दारातच उभी आहे. निघालो.